टीचरचं माद्रिद

म्हैसूरच्या आमच्या अग्रहारात, म्हणजे जुन्या ब्राह्मण वस्तीत, एक बाई साडीखाली स्पोर्ट्स शूज घालून आणि पाठीवरची सॅक पोटावर अडकवून भाजीला जायच्या, आणि याला कारण होते माद्रिदचे खिसेकापू. तिथल्या मेट्रोत पाठीवरची सॅक कधी रिकामी होते ते कळतही नाही, असं त्यांनी कुठंतरी वाचलं होतं. मग सवय इथूनच करायला नको का? मार्केटातल्या फुलवाल्या हसायच्या, आत बाळ आहे का म्हणून विचारायच्या. बाई गंभीरपणे सॅक उघडून आतली दोडकी दाखवायच्या आणि पुढं निघायच्या.

सगळा अग्रहार त्यांना टीचर म्हणायचा, म्हणून मीही टीचरच म्हणू लागले. त्या माझ्या घरमालकीण. मी नाशिकहून नोकरीसाठी म्हैसूरला आले आणि त्यांच्या माडीवरची खोली भाड्यानं घेतली. जिना बाहेरून होता, त्यामुळं येण्याजाण्यावर कुणाचं लक्ष नाही असं मला सुरुवातीला वाटलं होतं. मुलींच्या हायस्कुलात त्यांनी जन्मभर कन्नडमधून इतिहास-भूगोल शिकवला होता. घर मराठी, पण त्यांचे कुठले पणजोबा की खापरपणजोबा इकडं आले ते त्यांनाही धड सांगता येत नसे. त्यांच्या मराठीत निम्मं कन्नड असायचं आणि त्याचं त्यांना काही वाटत नसे. उलट माझं ऐकून म्हणायच्या, "तू रेडिओवर बातम्या दिल्यासारखं बोलतेस गं. स्वल्प हळू."

टीचर आता नाहीत. गेल्या दसऱ्यानंतर गेल्या, फारसं कुणाला न दमवता. मी आता म्हैसुरातच दुसऱ्या भागात राहते, बरं चाललंय. पण संध्याकाळी फिल्टरमधून डिकॉक्शन उतरायला लागलं की मला त्यांच्या हॉलमधल्या त्या खुर्चीवर जाऊन बसावंसं वाटतं, समोर फळा आणि फळ्यावर माद्रिद. इतकी वर्षं मला वाटायचं की आपण तिथं कॉफीसाठी जातो.

फळा खरोखरचा होता. त्यांच्या शाळेत पांढरे बोर्ड आले तेव्हा जुने काळे फळे भंगारात निघाले, त्यातला एक टीचरनी रिक्षात घालून घरी आणला आणि हॉलच्या भिंतीला टेकवून ठेवला. त्यावर चार दिवसांच्या माद्रिद सहलीचं वेळापत्रक असायचं, शाळेसारखं तासांत मांडलेलं. पहिला तास राजवाडा, दुसरा तास म्युझियम, मग मधली सुट्टी. दर रविवारी ते सगळं ओल्या फडक्यानं पुसायचं आणि आम्ही दोघींनी नव्यानं आखायचं. म्युझियमला दोन तास द्यावेत असं माझं म्हणणं असे. टीचर एकाच्या वर जायला तयार नसत. चित्रं चांगली असतील, पण उभं राहून बघावी लागतात, असा त्यांचा आक्षेप. राजवाड्याबद्दल तर त्यांना फारच थोडी उत्सुकता होती. ज्यांच्या गावात आल्यागेल्या प्रत्येक पाहुण्याला राजवाडा दाखवावा लागतो, त्यांना दुसऱ्याचा राजवाडा काय कौतुकाचा? सगळं कन्नड अक्षरांत लिहिलेलं. कन्नड वाचायला मी त्या फळ्यावर शिकले. इतकं बदलायचं, पण शेवटच्या दिवसाच्या रकान्यात कधीच काही बदललं नाही. तिथं एकच शब्द असे, ज्याचा अर्थ होतो 'बसणे'.

माद्रिद त्यांच्या डोक्यात घातलं ते माझ्या आधीच्या भाडेकरणीनं. स्पेनची एक मुलगी योग शिकायला आली होती. योगाचे वर्ग चालतात त्या गोकुलम भागात तिच्यासारख्यांची इतकी गर्दी की खोली मिळेना, म्हणून ती अग्रहारात येऊन राहिली. पहाटे सायकलवर गोकुलमला जायची आणि परत आल्यावर टीचरच्या स्वयंपाकघरात उप्पीट खात गप्पा मारायची. तिनं सांगितलं की आमच्या गावात जागोजागी चौक असतात, संध्याकाळी तिथं खुर्च्या मांडतात, आणि म्हाताऱ्या बायका नीट कपडे करून येऊन बसतात. नुसत्या बसतात. टीचरनी तिला पुन्हा पुन्हा विचारलं म्हणे, नुसत्या म्हणजे? देऊळ असतं का तिथं? कुणाची वाट बघतात का? ती म्हणाली, नाही, नुसत्या. मुलगी पुढं कुठल्याशा बेटावर योग शिकवायला निघून गेली आणि टीचरच्या डोक्यात तो चौक राहिला.

टीचरचं माद्रिद म्हणजे घरातल्या सगळ्यांचं माद्रिद. घरात त्या आणि त्यांचे थोरले भाऊ, एवढीच माणसं. भावाला त्या अण्णा म्हणत, मीही अण्णाच म्हणे. पोस्टातून निवृत्त, बायको केव्हाच गेलेली, सकाळी पूजा आणि दिवसभर पंचांग. माद्रिदची माणसं दुपारी अडीचच्या पुढं जेवतात आणि मग झोपतात हे कळल्यावर टीचरनी घरात तशी पद्धत सुरू केली, पोटाला आधीपासून माहीत असावं म्हणून. अण्णा जन्मभर बाराच्या ठोक्याला जेवलेले. त्यांनी वाद घातला नाही. बाराला स्वतःचं पान स्वतः वाढून घेत, सारु-भात जेवत आणि बहिणीचा भात झाकून ठेवत.

अण्णांचा लाडका शब्द होता 'नोडोणा'. त्याचा अर्थ 'बघू या', पण त्या घरात त्याचा अर्थ 'नाही' असा होता. टीचरना बेंगळूरला शिकायला जायचं होतं, तेव्हा नोडोणा. शाळेची उत्तर भारताची सहल निघाली, नोडोणा. एक स्थळ आलं होतं, माणूस बरा होता, टीचरना पसंतही होता. तेही नोडोणामध्येच गेलं. हे सगळं टीचर मला हसत सांगायच्या, आणि अण्णा आतल्या खोलीतून ऐकत असायचे. माद्रिदलाही अण्णांचं उत्तर तेच होतं. फरक इतकाच की या वेळी टीचर थांबल्या नाहीत, फळा लिहीत राहिल्या.

एकदा मी त्यांना विचारलं, बसायलाच जायचं तर इतक्या लांब कशाला? म्हैसुरात काय बाकं नाहीत? त्यावर त्यांनी मला दोड्ड गडियारची गोष्ट सांगितली. दोड्ड गडियार म्हणजे आमच्याकडचा घड्याळाचा मोठा मनोरा. एका संध्याकाळी मार्केटातून येताना टीचर तिथं जवळच्या कट्ट्यावर बसल्या. पाय दुखत नव्हते, चक्कर येत नव्हती, हवा छान होती म्हणून बसल्या. तेवढ्यात एक जुनी विद्यार्थिनी धावत आली, टीचर काय होतंय? दुसरीनं शहाळं आणलं. एका रिक्षावाल्याची आई त्यांच्या हाताखाली शिकलेली, त्यानं त्यांना जवळजवळ उचलूनच रिक्षात बसवलं आणि पैसे न घेता घरी सोडलं. तोवर अण्णांना फोन गेला होता की तुमची बहीण रस्त्यात बेशुद्ध पडली. घरी पोचल्या तेव्हा डॉक्टर हजर. त्यांनी रक्तदाब तपासला, थोडा वाढलेला निघाला. वाढणार नाही तर काय?

"माणसं वाईट नाहीत गं," टीचर म्हणाल्या, "सगळी माझीच आहेत. पण मी कुठं टेकले की विचारतात, का बसलात, बरं नाही का? मला बरं असताना बसायचंय."

त्यानंतर म्युझियमच्या तासावरून मी त्यांच्याशी कधी भांडले नाही. त्या वर्षी मी रजा साठवली आणि त्यांना म्हटलं, चला, फळा पुरे झाला, दोघी जाऊ. त्या माझ्याकडं बघतच राहिल्या. मग उठून आत गेल्या आणि बराच वेळ बाहेर आल्या नाहीत. आल्या तेव्हा डोळे पुसलेले होते. म्हणाल्या, कॉफी उतू गेली.

व्हिसासाठी बेंगळूरला गेलो. टीचर सॅक पोटावर घेऊन, नवीन म्हैसूर सिल्क नेसून. काउंटरवरच्या मुलीनं जाण्याचा उद्देश विचारला, तर टीचरनी सरळ सांगितलं, बसायला. मुलगी गोंधळली. मी मध्ये पडून पर्यटन, पर्यटन असं म्हणत वेळ निभावून नेली. बाहेर आल्यावर टीचर माझ्यावर रागावल्या. सरकारी कागदावर खोटं कशाला सांगायचं, असं त्यांचं म्हणणं. तरी व्हिसा मिळाला. तिकिटंही निघाली, शुक्रवारची.

आणि तिथं अण्णांनी पंचांगातून डोकं वर काढलं. माद्रिद पश्चिमेला. शुक्रवारी पश्चिमेला दिशाशूल, त्या दिशेला त्या दिवशी पाऊल टाकू नये. मला वाटलं, झालं, हा नोडोणाचा शेवटचा आणि सगळ्यात मोठा अवतार. तिकीट बदलून मिळणार नव्हतं. पण अण्णांनी पुढचं पान उलटलं आणि म्हणाले की यावर उपाय आहे, प्रस्थान ठेवावं.

माझ्या आजीच्या तोंडी हा शब्द मी ऐकला होता, पण ठेवताना कुणाला बघितलं नव्हतं. निघायचा दिवस वाईट असेल तर आधीच्या चांगल्या दिवशी आपल्या सामानातलं काहीतरी दुसऱ्याच्या घरी नेऊन ठेवायचं. म्हणजे प्रवास त्या दिवशी सुरू झाला असं धरतात, मग तुम्ही निघा केव्हाही. अट एकच, ठेवलेली वस्तू परत आपल्या घरात आणायची नाही. ती तिथूनच उचलायची आणि जायचं.

ठेवायचं कुठं यावर एक अख्खी सकाळ गेली. घर दुसऱ्याचं हवं आणि जायच्या दिशेला हवं. माझी खोली त्यांच्याच घराच्या माडीवर, तिला दुसरं घर म्हणायचं का? अण्णांनी विचार केला. चूल वेगळी आहे, विजेचा मीटर वेगळा आहे, जिना बाहेरून आणि पश्चिमेच्या अंगाला आहे. तेव्हा दुसरं घर. सोमवारी सकाळी टीचर हळदकुंकू लावलेली सॅक घेऊन जिना चढून आल्या, माझ्या टेबलाखाली ठेवली, तिला नमस्कार केला आणि हात हलवत खाली गेल्या. अण्णांनी मलाही बजावलं, तूही तुझं काहीतरी आमच्याकडं ठेव. मी हसले. म्हटलं, अण्णा, मी कंपनीच्या कामाला शुक्रवारी कितीदा पश्चिमेला गेलेय, मला शूल लागत नाही.

आता गंमत अशी की टीचरनी प्रस्थानात एखादं लुगडं किंवा सुपारी ठेवावी की नाही? त्यांनी अख्खा पासपोर्ट ठेवला. सगळ्यात महत्त्वाचं तेच, म्हणून तेच पुढं गेलेलं बरं. दुसऱ्या दिवशी परकीय चलन घ्यायला निघालो तर दुकानदार माझ्या फोनवर म्हणाला, मूळ पासपोर्ट घेऊन या. सॅक माझ्या खोलीत होती, ती घेऊन टीचर जिना उतरल्या आणि रस्त्यावर आल्यावर लक्षात आलं की फोन खाली त्यांच्या घरात चार्जिंगला लावलाय, आणि फोनशिवाय बँकेचा आकडा कसा येणार? त्या दाराकडं वळल्या मात्र, अण्णा खिडकीतून ओरडले, "आत येऊ नको! तिथंच थांब."

सॅक पोटावर बांधलेली, तेव्हा टीचर आत जाऊ शकत नव्हत्या. मी म्हटलं, मी धरते सॅक. तर अण्णांना तेही पटेना, म्हणाले ती निघालेली आहे, निघालेल्या माणसानं मागं वळू नये. मग त्यांनी खिडकीच्या गजांतून फोन दिला, चष्मा दिला, छत्री दिली, आणि शेवटी लोट्यातून कॉफी दिली. टीचर आपल्याच घरासमोर रस्त्यावर उभ्या राहून कॉफी प्यायल्या. येणारेजाणारे थांबून विचारत होते, टीचर, घराला कुलूप लागलं का? किल्ली हरवली का? अण्णा आतून प्रत्येकाला उत्तर देत होते की काही हरवलं नाही, ती स्पेनला निघालीय. जन्मभर नाही म्हणणाऱ्या माणसाच्या आवाजात चक्क ऐट होती. मी हसून हसून जिन्यावर बसले.

बुधवारी नाशिकहून फोन आला. आई अंगणात पडली होती आणि खुब्याचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन शुक्रवारी. विचार करायला काही नव्हतंच, मला जायलाच हवं होतं. मी खाली जाऊन सांगितलं. टीचरनी माझ्या पाठीवरून हात फिरवला, माझ्यासाठी दहीभाताचा डबा भरायला घेतला आणि अगदी साध्या आवाजात म्हणाल्या, "राहू दे गं. आपण आमेले जाऊ, नंतर कधीतरी. आई आधी." मग फळ्याकडं गेल्या आणि फडकं ओलं केलं.

मी त्यांना म्हटलं, तुम्ही एकट्या जा. त्या हसल्या. म्हणाल्या, मी बेंगळूरलासुद्धा एकटी गेले नाही, बेडा, नको गं. एवढ्या वर्षांत मी त्यांना कशाची भीती वाटलेली पाहिली नव्हती, ती त्या क्षणी पाहिली. त्यांचा हात फळ्यावर होता.

अण्णा आतून आले. जेवणाची वेळ होती, बाराला थोडा अवकाश असेल. ते फळ्यासमोर उभे राहिले.

"पुसू नको," म्हणाले. "प्रस्थान ठेवलंय. ते परत घरात घ्यायचं नाही. जा तू."

"एकटी कशी जाऊ, अण्णा?"

मला वाटलं आता ते नोडोणा म्हणतील. टीचरनाही तेच वाटलं असणार, कारण त्या जवळजवळ वाट बघत उभ्या होत्या. अण्णांनी टीचरच्या हातातलं ओलं फडकं काढून घेतलं. मग म्हणाले, "मी तुला कुठंच जाऊ दिलं नाही. एवढं जाऊन ये."

टीचर खाली बसल्या, तिथंच, जमिनीवर. आम्हां दोघांपैकी कुणीही त्यांना का बसलात म्हणून विचारलं नाही. मी डबा घेऊन बसस्टँडवर गेले.

पुढचं मला नंतर शेजारणीनं सांगितलं. शुक्रवारी टीचर जिना चढून माझ्या खोलीत गेल्या, सॅक पोटावर बांधली आणि तिथूनच थेट रस्त्याला लागल्या. विमानतळाच्या बसपर्यंत सोडायला रिक्षास्टँडवरच्या सगळ्या रिक्षा निघाल्या होत्या. अण्णा दारातच उभे होते, मागं वळू नको असं सारखं सांगत. त्या वळल्या नाहीत. बस सुटल्याचा फोन आल्यावर अण्णांनी पंचांग मिटलं आणि त्या दिवशी पहिल्यांदाच दुपारी अडीचला जेवले.

आईचं ऑपरेशन नीट झालं, पण मला नाशिकला बरेच दिवस राहावं लागलं. परत आले तेव्हा टीचर कधीच्याच घरी आल्या होत्या. मी सामान खोलीत टाकलं आणि धावत खाली गेले. त्यांनी आईची चौकशी केली, औषधं विचारली, व्यायाम विचारला. कॉफी दिली. मी माद्रिदचं विचारलं तर म्हणाल्या, "बरं होतं." एवढंच. फळा स्वच्छ पुसलेला होता. पुढच्या रविवारी मी सवयीनं खडू हातात घेतला तर म्हणाल्या, आज सांडग्यांचं पीठ भिजवायचंय.

असे कित्येक आठवडे गेले. मला राग आला, खरं सांगायचं तर. जाईपर्यंत ते गाव आमच्या दोघींचं होतं, जाऊन आल्यावर एकट्या त्यांचं झालं, असं मला वाटायला लागलं. कदाचित तिथं काही वाईट घडलं असेल, सॅक गेली असेल, कुणी हसलं असेल. पण सॅक तर खुंटीला होती. अण्णांना विचारलं, ते म्हणाले, मलाही बरं होतं एवढंच सांगितलं. मग मला आणखी वाईट वाटलं. आम्ही चार दिवसांसाठी एवढी वर्षं खर्च केली आणि आता माझ्याकडं ते चार दिवसही नव्हते आणि आखणंही नव्हतं.

एका दुपारी आम्ही गच्चीवर सांडगे घालत होतो. त्या घालत होत्या, मी कावळे हाकत होते. मी एकदाचं विचारलं. ज्यासाठी गेलात ते तरी झालं का?

"झालं की," त्या म्हणाल्या. "रोज संध्याकाळी बसले. त्याच चौकात, त्याच जागी. एकानंही विचारलं नाही का बसलात म्हणून. छान वाटलं गं, खोटं कशाला सांगू?"

"मग सांगत का नव्हता?"

त्यांनी पिठाचा हात भांड्याच्या काठाला पुसला.

"शेजारची खुर्ची मागायचे सगळे. गर्दी ना, खुर्च्या पुरत नव्हत्या. तिथं विचारून नेतात, चांगली पद्धत आहे. एक आजोबा आले, मग कुणी बाई आली, पोरं आली. मी कुणाला दिली नाही. रोज नाहीच म्हटलं."

"रिकामी होती तर द्यायची ना, टीचर."

"रिकामी कुठं? तुझी होती ती," त्या म्हणाल्या. "आता हे सांगितलं असतं तर तू तिकडं आईपाशी होतीस त्याचंच तुला वाईट वाटलं असतं. म्हणून सुम्ने बसले, गप्प."

आणि त्या पुन्हा सांडगे घालायला लागल्या. मी मात्र नाशिकच्या त्या संध्याकाळी आठवत राहिले. आईच्या खोलीबाहेरच्या बाकावर मी तासन्‌तास बसून असायचे, नर्सेस जातायेता पाय आत घ्या म्हणायच्या, आणि या जगात आपल्याला टेकायला धड जागा नाही असं वाटून मला रडू यायचं. त्याच संध्याकाळी माद्रिदच्या एका भरलेल्या चौकात माझी खुर्ची होती, आणि टीचर ती कुणाला देत नव्हत्या.